धारवा आणि खाजण

मराठी विश्वकोशात ‘बेअरिंग’ या यंत्रभागाची माहिती शोधणाऱ्याला ‘धारवा’ या शब्दाशी ओळख करून घ्यावी लागते. शब्द चांगला आहे. धारण करणारा तो धारवा. तो उच्चारायला सोपा आहे, अर्थ सांगणारा आहे आणि मराठीच्या वळणाचा आहे. तरीही भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतले गाळे एकामागून एक पालथे घातले तरी तो कानी पडण्याची शक्यता फारशी नाही. तेथे ‘बेरिंग’ असते. ते ‘बसते’, ‘गरम होते’, ‘आवाज करते’, ‘जाते’. आणि फुटले की त्यातले ‘छर्रे’ जमिनीवर घरंगळतात. कोशातला धारवा आणि गाळ्यातले बेरिंग ही एकाच वस्तूची नावे असली तरी त्यांच्यामध्ये जे अंतर आहे त्याला एक इतिहास आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्या इतिहासाचा मागोवा घेणार आहोत.

साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर थोडक्यात असे. फिरणारा भाग आणि स्थिर भाग यांच्या मध्ये जी वस्तू बसते, ती निवडताना माणसाला एक निर्णय करावा लागतो : जगातला किती वाकडेपणा आपण गृहीत धरायचा? जमीन खचेल का, भार किती पडेल, धूळ किती येईल, पाणी खारे आहे की गोडे, आणि ज्याच्या हाती यंत्र जाणार तो ते कसे चालवील? या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या एका निवडीत असतात. म्हणून एखाद्या गावच्या यंत्रांत कोणते धारवे आहेत हे वाचता आले, तर त्या गावचा इतिहासही काही अंशी वाचता येतो. मीरा-भाईंदरसारख्या, ज्याचा औद्योगिक इतिहास जवळजवळ अलिखितच आहे अशा शहराच्या बाबतीत तर हे वाचन अधिकच आवश्यक ठरते.

यंत्रयुगापूर्वीही आपल्याकडे धारवे होतेच. जात्याच्या खालच्या तळीत रोवलेला खुंटा आणि वरच्या तळीतली माकडी ही जोडी म्हणजे घरोघरचा धारवाच. बैलगाडीच्या आखाभोवती चाकाचा तुंबा फिरे, आणि दोहोंची झीज होऊ नये म्हणून वंगण घालावे लागे. वसईच्या बागायतीला पाणी पुरवणाऱ्या रहाटाची कुरकुर हा कोरड्या पडलेल्या धारव्याचाच आवाज होता. या सर्व उदाहरणांत एक पृष्ठभाग दुसऱ्यावर सरकतो. त्यात घरंगळणारे काही नसते. अशा धारव्याला आज यंत्रशाळेत ‘बुश’ म्हणतात. त्याची निवड करणारा सुतार कोणती लाकडे एकमेकांवर घासली असता लवकर झिजत नाहीत हे अनुभवाने जाणत होता. मराठीत अक्षासाठी ‘आस’ हा शब्द आहे आणि इच्छेसाठीही ‘आस’ हाच शब्द आहे. दोहोंची व्युत्पत्ती निरनिराळी. परंतु ज्याच्याभोवती सारे फिरते त्याला आधार लागतो, एवढे दोन्ही अर्थांना लागू पडते.

मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या सूतगिरणीची स्थापना केली आणि या जुन्या कारागिरीपुढे एक नवे प्रमेय उभे राहिले. गिरणीत वाफेचे एंजिन एक आणि यंत्रे शेकडो. त्या एंजिनाची शक्ती सर्व साच्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी छताखालून लांबच लांब लोखंडी दांडे नेलेले असत आणि त्यांवरच्या चाकांवरून चामड्याचे पट्टे खाली यंत्रांवर उतरत. हा दांडा ठरावीक अंतरावर धारव्यांत टेकलेला असे. धारव्याच्या आत मऊ धातूचे अस्तर असे. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ साली शोधलेला कथील, तांबे व अँटिमनी यांचा मिश्रधातू या कामी जगभर रूढ झाला. या अस्तराचे तत्त्व मोठे मार्मिक आहे. दांडा महाग आणि अस्तर स्वस्त, म्हणून झिजायचे ते अस्तराने. कोणीतरी झिजावे लागणार हे मान्य करून, कोणी झिजावे हे आधीच ठरवून ठेवणे, ही धारव्याच्या निवडीतली पहिली पायरी.

या दांड्यांना सतत तेल लागे. शिडीवर चढून, चालू पट्ट्यांच्या मधून हात घालून तेल देणाऱ्या कामगाराचे काम जोखमीचे होते. गिरण्यांच्या इतिहासात मालक आले, जॉबर आले, संप आले. राजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकाराने या श्रमाच्या बाजाराचे सूक्ष्म विवेचन केले, आणि नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांचा आवाज नोंदवून ठेवला. तेल देणाऱ्याचे ज्ञान मात्र, म्हणजे कोणत्या खांबाजवळचा धारवा आधी तापतो आणि का, हे त्याच्याबरोबरच गेले. आम्ही हे तक्रारीच्या सुरात म्हणत नाही. इतिहासाची साधने कशी नाहीशी होतात याचे ते एक उदाहरण आहे, आणि पुढे भाईंदरच्या संदर्भात त्याची पुन्हा आठवण करावी लागणार आहे.

सरकण्याऐवजी घरंगळण्याचे तत्त्व यापूर्वीच कागदावर आले होते. वेल्समधील फिलिप व्हॉन या लोखंड-कारखानदाराने १७९४ साली गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या धारव्याचे एकस्व घेतले. परंतु एकसारखे गोल पोलादी गोळे हजारोंच्या संख्येने करता येईपर्यंत या तत्त्वाला बाजारात अर्थ नव्हता. जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रिडरिख फिशर याने १८८३ च्या सुमारास गोळे घासून अचूक करण्याचे यंत्र तयार केले आणि सायकलीच्या लाटेवर स्वार होऊन गोलक धारवा जगभर पोहोचला. दाण्याएवढ्या गोळ्याच्या गोलाईत केसाच्या जाडीहून कितीतरी कमी फरक चालतो. कारण एक गोळा जरी इतरांहून मोठा असला तरी सारा भार त्या एकट्यावर येतो आणि तो लवकर फुटतो.

आता आमच्या विषयाचा जो गाभा आहे त्या घटनेकडे येऊ. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात एक मोठी कापडगिरणी होती. तिची जमीन चिकणमातीची. मातीची हालचाल झाली की इमारत किंचित कलायची, आणि इमारत कलली की छताखालच्या दांड्याची सरळ रेषा मोडायची. दांडा वाकडा झाला की धारवे तापायचे, फुटायचे, गिरणी थांबायची. नवे धारवे परदेशातून यायला विलंब लागे. या गिरणीतल्या यंत्रांची देखभाल स्वेन विंगक्विस्ट नावाच्या तरुण अभियंत्याकडे होती. जमीन सरळ करणे त्याच्या हाती नव्हते. त्याने धारव्यातच बदल केला. गोळ्यांच्या दोन रांगा घेऊन बाहेरच्या कड्याची आतली बाजू त्याने मोठ्या गोलाच्या पृष्ठासारखी अंतर्वक्र केली. त्यामुळे दांडा किंचित कलला तरी आतले कडे आणि गोळे त्याच्यासह कलत आणि फिरणे सुरळीत चालू राही. १९०७ साली त्याने या स्वयंसंरेखी धारव्याचे एकस्व घेतले आणि त्याच वर्षी एसकेएफ ही कंपनी स्थापन झाली. पुढे १९१९ साली त्याच कंपनीतल्या आर्विड पाल्मग्रेन याने हेच तत्त्व गोळ्यांऐवजी पिंपाच्या आकाराच्या रुळांना लावले आणि अवजड यंत्रांनाही कलण्याची मुभा मिळाली.

या घटनेकडे आम्ही विशेष लक्ष वेधतो. चूक नाहीशी करणे हा एक मार्ग आहे; चूक होणारच हे धरून तिला जागा ठेवणे हा दुसरा. पहिला मार्ग अचूक पाया, अचूक भिंती, अचूक जोडणी मागतो, आणि त्यासाठी लागणारे भांडवलही. दुसरा मार्ग चिखलावर उभे असणाऱ्यांचा आहे.

आपल्या देशात हा धारवा प्रथम आयात होऊन आला. एसकेएफने १९२३ मध्ये कलकत्त्यातून येथला व्यापार सुरू केला. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या परिसरात यंत्रसामग्रीची दुकाने होती आणि आजही आहेत. दुसऱ्या महायुद्धाने या वस्तूचे महत्त्व साऱ्या जगाला पटवले. १९४३ च्या ऑगस्ट आणि ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकन विमानांनी श्वाइनफुर्टच्या धारवा-कारखान्यांवर हल्ले चढवले. १४ ऑक्टोबरच्या एकाच दिवसात त्यांची साठ विमाने परतली नाहीत. रणगाडा असो वा विमान, धारव्यावाचून ते जागचे हलत नाही, हे या हल्ल्यांमागचे गणित होते. ज्या देशाला स्वतःचे कारखाने उभारायचे आहेत त्याला ते कळल्यावाचून राहणार नव्हते. १९४६ मध्ये जयपूरला बिर्ला समूहाची नॅशनल बेअरिंग कंपनी स्थापन झाली. १९६१ साली असोसिएटेड बेअरिंग कंपनी निघाली. तिचा कारखाना पुण्याजवळ चिंचवडला, आणि तीच पुढे एसकेएफ इंडिया झाली. लोणावळ्यात अँटिफ्रिक्शन बेअरिंग्ज कॉर्पोरेशनचा कारखाना उभा राहिला. १९६५ मध्ये ठाण्यात, म्हणजे मीरा-भाईंदरच्याच जिल्ह्यात, नीडल रोलर बेअरिंग कंपनी फ्रेंच सहकार्याने सुरू झाली. सुईसारख्या बारीक रुळांचे धारवे हे तिचे वैशिष्ट्य. अशा रीतीने पुणे, लोणावळा, ठाणे ही धारव्यांची एक रेषाच महाराष्ट्रात तयार झाली.

हे कारखाने मुख्यतः मोटारी, दुचाक्या, विजेच्या मोटरी, रेल्वे आणि पंप यांच्यासाठी उत्पादन करीत. छोट्या गाळेवाल्यासाठी स्वतंत्र असे कोणी काही बनवत नव्हते. परंतु धारव्याची मापे जागतिक संकेताने ठरलेली असल्यामुळे मोठ्या उद्योगासाठी बनलेला नग लहान यंत्रातही बसतो. या संकेताची भाषा साहित्याच्या विद्यार्थ्याला वृत्ताच्या गणांसारखी वाटेल. ‘६२०५’ हा आकडा घ्या. पहिला ६ सांगतो की हा एका रांगेचा खोल खाचेचा गोलक धारवा आहे. २ सांगतो की तो कोणत्या मापमालिकेतला आहे. शेवटच्या ०५ ला पाचने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, २५ मिलिमीटर. ‘६३०५’ म्हटले की भोक तेच, अंग जाड, भार अधिक. ‘१२०५’ म्हटले की भोक तेच, पण हा विंगक्विस्टचा कलणारा धारवा. जपानी असो, स्वीडिश असो की जयपूरचा असो, आकडा तोच असेल तर माप तेच. शाळेत फार काळ न टिकलेला फिटरही ही भाषा अस्खलित वाचतो, आणि आकडा पुसला गेला असेल तर बोटाने चाचपून सांगतो.

आता भाईंदर. वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावरचा हा मुलूख मुळात मिठागरांचा, भातशेतीचा आणि मासेमारीचा. राई, मुर्धे, मोर्वा, नवघर, गोडदेव, खारी ही गावे. त्यांपैकी खारीच्या तर नावातच खार आहे. भरतीचे पाणी आत घेऊन वाफ्यांत सुकवायचे, हा येथला जुना उद्योग. १९३६ साली बोरिवलीपासून विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या आणि मुंबईशी नाते घट्ट झाले. मुंबईतली जागा महाग होत गेली तसतसे छोटे कारखाने उत्तरेकडे सरकले आणि भाईंदर पूर्वेला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र होऊन नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. खाजणावर भरणी पडली, भरणीवर गाळे उभे राहिले, गाळ्यांत यंत्रे आली. भरणीच्या जमिनीचा स्वभाव असा की ती वर्षानुवर्षे थोडी थोडी बसत राहते, आणि सगळीकडे सारखी बसत नाही. गोथेनबर्गची चिकणमाती आणि भाईंदरचे खाजण यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे; यंत्राच्या दृष्टीने मात्र तो एकच प्रश्न आहे.

भाईंदरचा नावाजलेला उद्योग म्हणजे स्टेनलेस स्टीलची भांडी. पितळेची भांडी आणि त्यांना लागणारी कल्हई मराठी स्वयंपाकघरातून मागे हटली ती स्टीलमुळे. १९८० च्या दशकाच्या आरंभी सेलमचा सरकारी कारखाना सुरू झाल्यावर स्टीलचा पत्रा देशातच मिळू लागला आणि हा बदल वेगाने झाला. लग्नातल्या रुखवतापासून हॉटेलातल्या ग्लासापर्यंत जे स्टील आपण पाहतो ते घडवण्याच्या चार-पाच पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर धारव्याची निवड वेगळी आहे. त्या क्रमाने पाहू.

पहिली पायरी पत्रा लाटण्याची. दोन अवजड रुळांच्या मधून पट्टी जाते आणि पातळ होते. रुळाच्या मानेवर येणारा दाब प्रचंड असतो, धक्के असतात, उष्णता असते, वरून पाणी पडत असते. लहान रोलिंग मिलांत येथे पिढ्यान्‌पिढ्या गनमेटलचे किंवा फायबरचे सरकते धारवे वापरले गेले. ते स्वस्त, गाळ्यातच बदलता येणारे आणि पाण्याला न भिणारे. त्यांचा दोष असा की घर्षणात वीज फार जाते. या शतकाच्या पहिल्या दशकात केंद्रीय पोलाद मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी देशातल्या लहान रोलिंग मिलांसाठी ऊर्जाबचतीचा जो प्रकल्प राबवला, त्यात या जागी रुळांचे धारवे बसवण्याचा पुरस्कार होता. विजेचे बिल कमी होते हे खरे. परंतु रुळांचा धारवा एकरकमी पैसा मागतो, पाणी आत जाणार नाही अशी बंदिस्ती मागतो आणि बसवताना स्वच्छता मागतो. ज्याचा गाळा भाड्याचा आहे आणि उद्याची ऑर्डर अनिश्चित आहे, त्याने दरमहा थोडे अधिक बिल भरणे पसंत केले तर त्याला अडाणी म्हणता येत नाही. त्याची निवड त्याच्या पायाखालच्या जमिनीला धरून आहे.

दुसरी पायरी प्रेसची. गोल कापलेली चकती साच्यावर दाबून तिला खोलगट आकार द्यायचा. प्रेसचा दांडा सावकाश फिरतो आणि प्रत्येक फेऱ्यात एकदाच जबर ठोका बसतो. येथे गोळ्यांचा धारवा लावणे चूक ठरेल. सारा ठोका दोन-तीन गोळ्यांवर येऊन खाचेत खड्डे पडतील. गनमेटलचा बुश आणि त्याला नियमित तेल, हीच येथली योग्य निवड. नवे ते सर्वत्र चांगले असा जो समज आहे त्याला हे उत्तर आहे. जात्याचा आणि बैलगाडीचा धारवा प्रेसमध्ये अजून टिकून आहे, तो मागासलेपणामुळे नव्हे.

तिसरी पायरी स्पिनिंगची. फिरत्या साच्यावर चकती मागून दाबून धरायची आणि लांब दांड्याच्या हत्याराने, अंगाचा भार टाकून, तिला साच्यावर बसवायची. येथे दांड्यावर आडवा भार तर येतोच, शिवाय लांबीच्या दिशेने रेटाही येतो. हा रेटा साधा गोलक धारवा फार सोसत नाही. त्यासाठी निमुळत्या रुळांचा किंवा खास रेटा घेणारा धारवा लागतो. शेवटची पायरी पॉलिशची. मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेणाऱ्या दांड्यावर कापडाच्या चकत्या, त्यांना कुरुंद आणि मेणाचा लेप, आणि त्यावर दाबून धरलेले भांडे. भार हलका, वेग मोठा, धूळ विलक्षण. येथे ६२०५ च्या घराण्यातला, दोन्ही बाजूंनी रबराने बंद केलेला धारवा हवा. किंवा प्लमर ब्लॉकमध्ये बसणारा, ज्याचे बाहेरचे अंग गोल असल्यामुळे बसवताना दांड्याची थोडी चूक पोटात घेणारा. हा प्लमर ब्लॉकमधला धारवा विंगक्विस्टच्याच कल्पनेचा वंशज म्हटला पाहिजे.

या सगळ्यात एक विसंगती अशी आहे की ती प्रथम ध्यानात आली तेव्हा आम्ही थबकलो. भाईंदरमध्ये जे घडते ते न गंजणारे पोलाद. पोलाद न गंजणारे ठरण्यासाठी त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागते. उत्तम प्रतीच्या भांड्यांत ते अठरा टक्के असते. परंतु ही भांडी घडवणाऱ्या यंत्रांतले सर्वसाधारण धारवे ज्या पोलादाचे असतात, त्यात कार्बन सुमारे एक टक्का आणि क्रोमियम सुमारे दीड टक्का. ते अतिशय कठीण असते, पण गंजते. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या, दमट हवेत तेलकट कागदाबाहेर राहिलेला धारवा पावसाळ्यात तांबूस व्हायला वेळ लागत नाही. गंजाचा एक ठिपका खाचेत पडला की गोळा प्रत्येक फेऱ्यात त्यावर आदळतो आणि तेथूनच फुटीची सुरुवात होते. न गंजणाऱ्या पोलादाचे धारवे मिळतात. ते महाग असतात आणि अशा गाळ्यांत सहसा येत नाहीत. ज्या गावाने लोकांना न गंजणारी ताटवाटी दिली, त्याच्या यंत्रांच्या पोटातली वस्तू मात्र मिठागराच्या वाऱ्याला सदैव उघडी आहे.

निवडीचे शास्त्र काय सांगते तेही पाहिले पाहिजे. गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विड पाल्मग्रेन यांनी १९४७ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार धारव्याचे आयुष्य निश्चित आकड्यात सांगता येत नाही. शंभर सारख्या धारव्यांपैकी नव्वद किती फेरे टिकतील एवढेच सांगता येते. गोलक धारव्याच्या बाबतीत हे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ६२०५ ची भारक्षमता सुमारे १४ किलोन्यूटन. त्यावर याच्या दशांश, म्हणजे १.४ किलोन्यूटन भार टाकला तर तो शंभर कोटी फेरे टिकावा. मिनिटाला १४४० फेरे धरले तर साधारण साडेअकरा हजार तास. पट्टा ताणून तोच भार दुप्पट केला की आयुष्य निम्मे होत नाही, एक-अष्टमांश होते : साडेचौदाशे तासांच्या आसपास. रात्रंदिवस चालणाऱ्या गाळ्यात याचा अर्थ वर्षाहून अधिक काळ टिकणारा धारवा दोन महिन्यांत जाणे असा होतो. पट्टा घसरतो म्हणून तो थोडा अधिक ताणणाऱ्याला हे गणित कोणी सांगितलेले नसते.

शिवाय हे गणित स्वच्छ वंगण, सरळ दांडा आणि नीट बसवणूक गृहीत धरते. प्रत्यक्षात धारवे पुष्कळदा भाराने थकून जाण्याआधीच दुसऱ्या कारणांनी जातात : धूळ शिरली, वंगण संपले किंवा फार झाले, दांडा वाकडा राहिला, किंवा बसवताना बाहेरच्या कड्यावर हातोडा मारला आणि तो ठोका गोळ्यांतून खाचेत उमटला. म्हणून निवडीचे खरे ज्ञान केवळ सूचिपत्रात नसते. जुना फिटर लांब पान्याचे किंवा स्क्रूड्रायव्हरचे एक टोक धारव्याच्या घरावर टेकवतो, दुसरे कानाच्या हाडाला लावतो आणि ऐकतो. घरघर म्हणजे खाच खराब, शीळ म्हणजे वंगण कमी, ठरावीक अंतराने टकटक म्हणजे एका जागी फूट. या आवाजांना त्याच्याकडे नावे आहेत. मराठी, हिंदी, गुजराती यांच्या सीमारेषेवर जन्मलेली ही शब्दसंपदा कोणत्याही कोशात नाही.

येथे आम्ही लेखाच्या आरंभीच्या प्रश्नाकडे परततो. ‘धारवा’ हा शब्द गाळ्यात का रुजला नाही? तो संस्कृतोद्भव आहे म्हणून नव्हे. ‘वंगण’, ‘आख’, ‘माकडी’ हे शब्द वापरणाऱ्यांना तो जड गेला नसता. तो रुजला नाही कारण ज्या लोकांच्या हातात ती वस्तू होती त्यांच्यापर्यंत तो गेलाच नाही, आणि त्यांचे शब्द कोशापर्यंत आले नाहीत. परिभाषा एका बाजूने तयार झाली, यंत्र दुसऱ्या बाजूने आले. दोहोंच्या मध्ये जो भार सोसणारा, थोडा कलू देणारा दुवा असायला हवा होता, तो आपल्या भाषाव्यवहाराने घडवला नाही. याचा दोष विश्वकोशकारांना देणे अन्यायाचे होईल; त्यांनी आपले काम चोख केले. प्रश्न पुढच्यांचा, म्हणजे आपला आहे.

आणि हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. पॉलिशच्या गाळ्यात धारव्याला धूळ लागू नये म्हणून दोन्ही बाजूंनी रबराची बंदिस्ती असते. त्याच यंत्रासमोर उभा असलेला माणूस मात्र अनेकदा तोंडावर एक फडके गुंडाळून काम करतो. धारव्याचे आयुष्य तासांत मोजणारी सूत्रे आहेत, त्याच्या बदलीचा खर्च वहीत लिहिला जातो. त्या माणसाच्या फुप्फुसांचा आणि प्रेसवर गेलेल्या बोटांचा हिशेब कोणत्या वहीत आहे? कोणी झिजावे हे आधीच ठरवून ठेवण्याचे जे तत्त्व बॅबिटच्या अस्तरात आपण पाहिले, ते माणसांनाही लागू केले जाते तेव्हा त्याला अभियांत्रिकी म्हणता येत नाही. गिरणी कामगाराला संघटना होती, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप होता, कवी आणि कादंबरीकार होते. गाळ्यातल्या कामगाराला यांपैकी फार थोडे लाभले. तो बहुधा दूरच्या प्रांतातून आलेला असतो आणि वहीवर त्याचे नाव असेलच असे नाही.

आज हे चित्रही बदलते आहे. जमिनीच्या किमती वाढल्या, काही गाळे खाडीपलीकडे वसईच्या बाजूला गेले, काहींच्या जागी इमारती आल्या. गाळा हलतो तेव्हा यंत्रे नेली जातात किंवा भंगारात जातात. बिलांच्या फायली, तेलाने काळवंडलेली सूचिपत्रे, भिंतीवर खडूने लिहिलेले धारव्यांचे आकडे मात्र कोणी नेत नाही. गिरण्यांच्या बाबतीत जे झाले तेच येथे, कमी गाजावाजा होऊन, घडण्याचा संभव आहे.

म्हणून साहित्य शिकवणाऱ्यांना आमची एक सूचना आहे. बोलीभाषांच्या सर्वेक्षणासाठी आपण विद्यार्थ्यांना दूरच्या पाड्यांवर पाठवतो, ते योग्यच आहे. त्यांपैकी चार-दोन जणांना एकदा भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत पाठवावे. त्यांनी फिटरशेजारी बसावे, तो ऐकतो ते आवाज आणि त्यांची नावे लिहून घ्यावीत, बदललेल्या धारव्यांचे आकडे व ते का गेले याची कारणे टिपावीत. प्रेसवरच्या आणि पॉलिशवरच्या माणसांची नावे, गावे आणि कामाची वर्षेही त्याच वहीत यावीत. त्या वहीला शीर्षक ‘धारवा’ द्यायचे की ‘बेरिंग’, हे नंतर ठरवता येईल. गाळा हलण्यापूर्वी ती लिहिली गेली पाहिजे.